झाकणाच्या आतली चिठ्ठी

बरणीचं झाकण टक्कन वाजलं आणि दुपारच्या शांततेत माझं पेन थांबलं. टिल्ली झोपली की अर्धा तास माझा. तेवढ्यात चार ओळी लिहून घेते. पण लेक कधीच उठली होती. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कॉर्नफ्लेक्सचे बकाणे भरत होती.

मी पेन टाकून धावले. महिन्यापूर्वी चमचाभर शेंगदाण्याचं कूट पोटात गेलं काय, तिचे ओठ सुजून श्वास लागला होता. "पाकीट वाचल्याशिवाय काही देऊ नका," डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आणि हे पाकीट सासूबाईंनी काल आणलं, मी न वाचता बरणीत ओतलं आणि रिकामं पाकीट केरात टाकलं. केराची गाडी तर सकाळीच येऊन गेली.

"आई! ह्यात दाणे आहेत का हो?" मी सासूबाईंना हाक मारली.

"झाकण उलटं कर."

आत चिठ्ठी चिकटवलेली. पाकिटाचाच कापलेला तुकडा.

सासूबाईंची ही जुनी खोड. "बरणी उघडायची की वर्तमानपत्र?" म्हणून मी हसायची. गेल्या आठवड्यात तर बरण्या चकाचक दिसाव्यात म्हणून मीच सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या होत्या.

मी भराभर वाचलं. मका, साखर, मीठ. 'शेंगदाणा नाही.' टिल्लीचे ओठ तपासले. गुलाबी, साखरेचे. मी तिथेच फरशीवर बसले.

"केरातून उचललं मी," सासूबाई म्हणाल्या. "तू टाकायची, मी वेचायची. चालू दे!"

चिठ्ठीत खाली आणखी एक ओळ होती: 'जनुकीय बदल केलेला मका.' दुकानात ही ओळ दिसली की मी पाकीट परत ठेवायची आणि शेजारचं, नुसत्या चित्राचं घ्यायची. लिहिलं नाही म्हणजे नसेलच, असा माझा हिशेब.

"मग तुम्ही हेच का घेतलंत?"

"जो एवढं सांगतो, तो दाण्याचंही सांगतो. मुक्याच्या पोटात काय, ते कोणी बघितलंय? पटलं नाही तर नको घेऊस बाई. पण कळलं तर पाहिजे!"

मी त्यांचा हात गालाला लावला. त्याला डिंकाचा वास होता. संध्याकाळी आम्ही दोघी मिळून उरलेल्या बरण्यांना चिठ्ठ्या लावायला बसलो. टिल्ली डिंक पुरवत होती. तिला मी ती बदल केलेल्या मक्याची ओळ वाचून दाखवली.

तिने झाकण डोळ्यांजवळ धरलं.

"आई, मग हा मका आधी कोण होता?"