मिलिसावची उजवीकडे ओढणारी गाडी

मिलिसाव माझा कूम. म्हणजे माझ्या लग्नात साक्षीदार म्हणून उभा राहिला आणि पुढे माझ्या नेबोयशाचा धर्मबापही झाला. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं, त्याला कोर्टात खेचलेलं चालतं, पण कूमच्या शब्दावर शंका घ्यायची नाही. त्यामुळे त्याने आपली जुनी गाडी मला द्यायची काढली, तेव्हा ती मेकॅनिकला दाखवावी हे माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी तोंडातून निघालं नसतं. कूमची गाडी तपासून घ्यायची म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं.

गाडी मला हवीच होती. ओब्रेन गेला आणि त्याच्या पाठोपाठ चाचाकच्या बाजाराला जाणारी सकाळची बस बंद झाली. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगते, बसचं जास्त जाणवायला लागलं. चीज बाजारात न्यायचं कसं? आणि बाजार सुटला तर गाई पोसायच्या कशाला? व्हिएन्नाहून नेबोयशा रोज फोनवर तेच दळण दळायचा. "आई, गाई विक, घराला कुलूप लाव आणि इकडे ये." तिथे पाचव्या मजल्यावर बसून मी काय करू, ट्राम मोजू? म्हणून या वयात लायसन्स काढलं. परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, "देसांकाबाई, छान चालवता की!" एवढं कौतुक ओब्रेनने अख्ख्या संसारात केलं नव्हतं.

"आधी थोडे दिवस चालवून बघ, मग व्यवहाराचं बोलू," मिलिसाव म्हणाला. आणि पहिल्याच दिवशी गाडी माझ्या हातातून निसटून उजवीकडे पळायला लागली. स्टीअरिंग सरळ धरलं की गाडी गटाराकडे. जीव खाऊन डावीकडे ओढून धरलं, तर कशीबशी रस्त्यावर.

"कूम, ही उजवीकडे ओढते रे."

"गाडी नाही ओढत, तू ओढतेस. जन्मभर गाईचं दावं ओढलंस, आता स्टीअरिंग ओढतेस. बायकांचे हातच वाकडे."

हे माझ्या कानात सांगितलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण या बाबाने दुकानापुढे राकिया दारूचे पेले रिचवत अख्ख्या गावाला ऐकवलं. माझी गाडी दिसली की लोक रस्ता सोडून शेतात उभे राहायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते पटलं. गोठ्यात गाईंपुढे बसून रडले मी. शेवटी नेबोयशाला फोन करून सांगितलं, "बघ बाबा गिऱ्हाईक. मला नाही जमत हे." त्याने लगोलग गाईंचा व्यापारी ठरवूनसुद्धा टाकला.

रविवारी गाडी परत द्यायला गेले, तर मिलिसाव हादरला. त्याला ती माझ्या गळ्यात मारायची होती.

"परत कसली देतेस? बस इकडे. मी चालवतो, बघ कशी सुतासारखी जाते ती."

आणि गेली की! सुतासारखी सरळ. मी शेजारी बसून मनातल्या मनात व्हिएन्नाचं सामान बांधत होते. तेवढ्यात दफनभूमी आली.

आता मिलिसाव म्हणजे गावातला सगळ्यात देवभोळा माणूस. दफनभूमी असो, चर्च असो, रस्त्यातला साधा क्रूस असो, हा एका हाताने टोपी काढणार आणि दुसऱ्या हाताने छातीवर तीनदा क्रूसाची खूण करणार. ट्रॅक्टरवर करतो, मोपेडवर करतो. एकदा तर शिडीवर उभा असताना केली होती आणि खाली आला होता. आणि आज हा बाबा ओब्रेनच्या थडग्यासमोरून नाक समोर ठेवून गेला. दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट, मनगटाच्या शिरा फुगलेल्या.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे लबाडा!

पुढे चर्च होतं. प्रार्थना नुकतीच संपलेली, सगळं गाव फाटकाशी गप्पा हाणत उभं. त्याच्या पुढे उजव्या हाताला पाद्रीबाबांच्या बायकोने लाल मिरच्यांचे वाफे लावले होते, आयवारसाठी, म्हणजे वर्षभराच्या मिरच्यांच्या चटणीसाठी, अगदी तोडायला आलेल्या.

"कूम," मी काच खाली करून मोठ्याने म्हटलं, "चर्च आलं. टोपी नाही काढत?"

"गप बस गं."

"पाद्रीबाबा बघतायत."

बघतच होते ते. मिलिसावला घाम फुटला. त्याने देवाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि टोपीला हात घातला. दुसरा हात कपाळाकडे गेला मात्र, गाडी उजवीकडे वळली ती तारेचं कुंपण घेऊन थेट मिरच्यांत.

पाद्रीबाबांची बायको झाडू घेऊन धावली. "मिलिसाव, मेल्या! माझा वर्षाचा आयवार!"

तो टोपी छातीशी धरून बसला होता. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता कोणाचे हात वाकडे रे?"

"हिवाळ्यात मोठ्या खड्ड्यात आदळली होती," तो पुटपुटला. "चाकांची अलाइनमेंट करून घेणार होतो. राहूनच गेलं."

"गाई विकायला निघाले होते मी! ओब्रेनचं घर बंद करायला निघाले होते! आणि तू दुकानापुढे बसून हसत होतास."

त्याने मान खाली घातली. "अर्ध्या किमतीत घे."

"आधी चाचाकचा मेकॅनिक. किंमत त्यानंतर, आणि मी म्हणेन ती. ऊठ तिथून."

"तू चालवणार? अगं, ही ओढते..."

"मला सांगतोस? सरक पलीकडे."

मी गाडी मागे घेतली, मिरच्यांतून रस्त्यावर आणली. गाव तोंडाचा आ वासून बघत होतं. स्टीअरिंग डावीकडे किती धरायचं हे माझ्या हातांना आता पाठ झालं होतं. गाडी गावातून नाकासमोर सरळ निघाली. मिलिसाव शेजारी अंग चोरून बसला होता.

नदीच्या पुलावर फोन वाजला. माझे दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्यालाच तो माझ्या कानाला लावायला सांगितलं.

"आई, व्यापारी उद्या सकाळी येतोय. कागद काढून ठेव."

"त्याला म्हणावं येऊ नकोस," मी म्हटलं. "आणि फोन ठेव आता, मी गाडी चालवतेय."