लाल रेघ

एकवीस मुलं, दोन चटया, एक लाडवांचा डबा, एक टांगता वजनकाटा आणि एकोणचाळीस चपला. चपला विषम आल्या म्हणून मैत्रेयीने पुन्हा मोजल्या. तेवढ्याच भरल्या.

"सायंटिस्ट मॅडम, चपला नंतर मोजा," डब्याशी बसलेले प्रमोदभाऊ म्हणाले. "आधी पोरं मोजा."

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या बुद्धविहारात दर रविवारी वजनं व्हायची. प्रमोदभाऊंच्या मंडळाचा नियम सरळ होता. वजन कमी असेल त्याला आठवडाभराचे शेंगदाण्याचे लाडू. वजन भरलं की लाडू बंद, पुढच्याचा नंबर. नुकतीच बीएस्सी झालेल्या मैत्रेयीने सहा वर्षांच्या मुलांसाठी काट्याच्या काचेवर पंधरा किलोपाशी नेलपॉलिशची लाल रेघ मारली होती. मुलांना काटा वाचायलाही तिनेच शिकवलं. सगळ्यांत आधी शिकली ती भावना.

आज भावना काट्याखालच्या झोळीत बसली. चौदा किलो शंभर. महिन्यापूर्वी चौदा नऊशे होती.

मैत्रेयीने मिठाच्या एकेक किलोच्या पाच सीलबंद पुड्या टांगून पाहिल्या. काटा बरोबर पाचवर थांबला. तो चुकला असता तर बरं, असं तिला वाटून गेलं.

दुपारी ती भावनाच्या घरी गेली. दारात जीन्सचा ढीग घालून आजी, कौसाबाई, शिवणीचे लोंबते धागे कापत होती.

"ताप नाय, जुलाब नाय," कात्री न थांबवता ती म्हणाली. "शुक्रवारपासून भाताला हात लावत नाय. बोलते, पोट दुखतं. सोमवारी बरोबर बरं होतं. पण लाडू आला की अर्धा या धाकट्याला भरवते, ते नाय विसरत."

भावना भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"रेघेपुढे गेलं की लाडू बंद ना, ताई? तुम्हीच बोललात."

"म्हणून तू उपाशी राहतेस?"

"रोज नाय. रविवार आला की."

मैत्रेयीला तिथे बसवेना. ती तशीच प्रमोदभाऊंकडे गेली.

"एकीसाठी नियम वाकवला तर नंबर लावून बसलेल्या आयांना काय तोंड दाखवू?" ते म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी ती वस्तीत परतली आणि भावनाला म्हणाली, "पोटभर जेव. लाडू बंद होणार नाहीत." ते कसं जमवायचं, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी भावना पाय हलवत झोळीत बसली. विहाराच्या दारात पुढच्या नंबरची बाई कडेवर पोर घेऊन थांबली होती. पोराचे पाय काटकीसारखे होते.

काटा थरथरला, लाल रेघेपाशी रेंगाळला आणि पुढे गेला. झोळी स्थिर होईपर्यंत मैत्रेयी थांबली. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. पंधरा किलो शंभर.

"किती?" डब्याच्या झाकणावर हात ठेवून प्रमोदभाऊंनी विचारलं.

भावनाने काचेकडे पाहिलं, मग ताईकडे.

"चौदा नऊशे," मैत्रेयी म्हणाली.