वाटूर फाट्याचा स्तंभ

“मदत म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या घराला आग लागली की तिच्यावर आपली पोळी भाजून घ्यायची,” असं म्हणून नरहर अंबेकरांनी पेपरची घडी टेबलावर आपटली.

समोर बसलेल्या बद्रीनाथनं चहा बशीत ओतला. हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढचं कोणतं येणार हेही त्याला पाठ होतं. आता अमेरिका येणार. अमेरिकेनं आपल्या शेजाऱ्याला फुकटात विमानं दिली, गरज सरताच हात झटकले, हे होणार. मग रशिया, मग दिल्लीतले आपले पुढारी, आणि शेवटी गाडी श्रीलंकेवर येऊन थांबणार. तशी ती आलीच. वाटूर फाट्यावरच्या त्या हॉटेलातल्या पोऱ्यालासुद्धा एव्हाना श्रीलंकेचं राजकारण तोंडपाठ झालं असावं.

अंबेकर हवाई दलातले निवृत्त स्क्वाड्रन लीडर. जालन्यातल्या वकिलाच्या घरात जन्मले आणि उमेदीची वर्षं मालवाहू विमानं उडवण्यात घालवली. आता दर आठवड्याला जालन्याहून मंठ्याकडच्या आपल्या मोसंबीच्या बागेत जाताना वाटूरला थांबत. बद्रीनाथ वाटूरचाच, शेतकऱ्याचा मुलगा, अंबेकरांच्याच विमानावर वॉरंट ऑफिसर. कागदोपत्री तो गनर, म्हणजे बंदूकवाला होता, पण बंदूक चालवायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. विमानाच्या मागच्या दाराशी उभं राहायचं, माल बांधायचा, पुढून इशारा झाला की खाली सोडायचा, हे त्याचं काम. गावात कुणी विचारलं तर तो म्हणे, “आभाळातला हमाल व्हतो म्हना.”

त्यांच्या स्क्वाड्रनमध्ये एक रीत होती. उड्डाण संपलं की सगळे एका टेबलाभोवती बसत आणि काय चुकलं ते बोलत. त्या टेबलावर हुद्दा चालत नसे. काल भरती झालेला पोरगाही पायलटला तोंडावर ‘तुमचं चुकलं’ म्हणू शकत असे आणि पायलटला ते ऐकून घ्यावं लागे. उठलं की पुन्हा सलाम आणि सर. निवृत्तीनंतर ही रीत दोघांनी फाट्यावरच्या हॉटेलात आणली. फरक इतकाच, की आता उड्डाण नव्हतं आणि चुका सगळ्या दुसऱ्यांच्या असत.

“आपन ज्या विमानात बसलो ते रशियाचंच व्हतं ना?” बद्रीनाथ म्हणाला. “मंग ती मदत का धंदा?”

“धंदाच. म्हणून तर सांगतोय, पोतं असो की बंदूक, देणारा हिशेब ठेवूनच देतो.”

“आपन टाकलेल्या पोत्यातला तांदूळ तर खोटा नव्हता.”

“तांदूळ खरा होता, बद्री. टाकायला लावणाऱ्यांची नियत खोटी होती.”

इथं येऊन बद्रीनाथला दरवेळी वैताग येई. कारण अंबेकर बरोबर बोलत असत, आणि तरीही त्यातून काहीच निघत नसे. सत्त्याऐंशी साली श्रीलंकेत तमिळांच्या मुलखात लढाई पेटली होती, लोक उपाशी होते. मृगाच्या तोंडावर आपल्या विमानांनी तिथं आभाळातून धान्य टाकलं. टाकणाऱ्यांत हे दोघे होते. श्रावण लागला तेव्हा तीच विमानं तिकडं आपली फौज उतरवत होती, शांतता राखायला म्हणून. आणि दसरा झाला तसं त्या फौजेचं तिथल्याच लढणाऱ्या तमिळ पोरांशी युद्ध जुंपलं. मग विमानं परत येताना शवपेट्या आणू लागली. पोती घसरू नयेत म्हणून ज्या पट्ट्यांनी बद्रीनाथनं ती बांधली होती, त्याच पट्ट्यांनी तो पेट्या बांधू लागला. एका पेटीवर त्यानं वाचलं, शिपाई भुजंग आसाराम बोराडे, आणि खाली ‘मंठा, जिल्हा जालना’. इतक्या लांब, खाऱ्या वाऱ्यात, आपल्या मुलखाचं नाव असं समोर येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढच्या सुट्टीत तो भुजंगच्या आईला, सोनूबाईंना, शोधत गेला. मंठ्याच्या अलीकडं त्यांचं गाव. नवरा आधीच गेलेला, पोरगा हा एकच. तेव्हापासून दर भाऊबीजेला सोनूबाई त्याला ओवाळत. पेन्शन वेळेवर येई, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार एकच होती. गावात कुणी मुक्तिसंग्रामात मेला तर त्याचं नाव शाळेच्या भिंतीवर होतं. माझ्या पोराचं कुठंच का नाही? गावचे लोक म्हणत, तो कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या भानगडीत गेला. एकानं तर तोंडावर विचारलं होतं, पगारी गेल्ता ना?

कारगिलची लढाई झाली आणि सगळीकडं देशभक्तीला ऊत आला. धर्मराजभाऊ हे त्या भागातले पुढारी. ते मागं कशाला राहतील? येत्या सव्वीस जानेवारीला वाटूर फाट्यावर जवानांचा स्तंभ उभा करायचा, असं त्यांनी जाहीर केलं. फाटा म्हणजे चारी बाजूंच्या गाड्या थांबायच्या, बघणाऱ्यांना तोटा नव्हता. या मुलखातून कारगिलमध्ये कुणीच गेलं नव्हतं, पण त्यानं काही अडलं नाही. समितीच्या अध्यक्षपदी लष्करातला मोठा माणूस हवा होता. अंबेकरांना विचारलं, आणि पुढाऱ्यांच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडणारे अंबेकर दुसऱ्या दिवशी हो म्हणून मोकळे झाले.

बद्रीनाथला ते खटकलं, पण त्यातही त्यानं चांगलंच पाहिलं. पुढच्याच भेटीत त्यानं विषय काढला.

“सर, स्तंभावर भुजंगचं नाव यायला पायजे.”

“येईल,” अंबेकर म्हणाले.

झालं, बद्रीनाथनं पुन्हा विचारलं नाही. तिथंच त्याचं चुकलं, आणि अशी चूक त्याच्यासारख्यानंच करावी. विमानात कॅप्टननं एकदा ‘झालं’ म्हटलं की मागच्या माणसानं ते झालं म्हणून धरायचं, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे कॅप्टनवर अविश्वास. इतक्या वर्षांची ती सवय हाडात मुरली होती. दुसरा कुणी असता तर चार वेळा जाऊन दगड घडवणाऱ्याकडं बघून आला असता. स्तंभ बद्रीनाथच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभा राहत होता. त्यानं एकदाही ताडपत्री उचलून पाहिली नाही. उलट जीपमध्ये बसून तो सोनूबाईंकडं गेला आणि सांगून आला, की या सव्वीस तारखेला पोराचं नाव दगडावर बघायला या.

सोनूबाई उजाडताच आल्या. धुतलेलं पातळ, हातात नारळ आणि कर्दळीच्या पानात गुंडाळलेली झेंडूची फुलं. मंडपात त्यांनी बायकांत जागा धरली आणि पदर सावरून बसल्या. बद्रीनाथ छातीवर पदकं लावून मागच्या रांगेत होता. व्यासपीठावर धर्मराजभाऊंच्या शेजारी अंबेकर, कोटात, ताठ.

भाऊंचं भाषण लांबत गेलं. भारतानं जगाला नेहमी मदतच केली, असं ते म्हणाले. भुकेल्याला घास दिला, पण कुणाच्या भांडणात कधी पाय घातला नाही, परक्याच्या भूमीवर आपला सैनिक कधी लढला नाही. टाळ्या पडल्या. बद्रीनाथनं अंबेकरांकडं पाहिलं. फाट्यावरच्या हॉटेलात हे वाक्य कुणी बोललं असतं तर अंबेकरांनी त्याला सोलून काढलं असतं. इथं ते टाळ्या वाजवत होते. हळू, पण वाजवत होते. बद्रीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग पडदा सरला. बद्रीनाथ पुढं गेला आणि त्यानं वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. वर ‘अमर जवान’. त्याखाली मोठ्या अक्षरांत धर्मराजभाऊंचे शुभहस्ते. मग अध्यक्ष म्हणून स्क्वाड्रन लीडर नरहर अंबेकर, मग सदस्य, दगड देणारे, वाळू देणारे, मंडपवाले. जवानांच्या स्तंभावर नावं होती ती सगळी जिवंत माणसांची.

लोक चहाकडं वळले तशा सोनूबाई पुढं आल्या. चपला बाजूला काढून त्यांनी स्तंभाच्या पायरीवर फुलं ठेवली. दगडावरून हात फिरवला. त्यांना अक्षर येत नव्हतं.

“भाऊ, कोनतं हाय?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात अंबेकर व्यासपीठावरून उतरून आले. त्यांनी ऐकलं असावं. बाईंच्या हातातला नारळ, पायरीवरची फुलं हे सगळं त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांचा हात दगडाकडं गेला, बोट खालच्या कुठल्याशा ओळीकडं निघालं. ते काय करणार हे बद्रीनाथला कळून चुकलं. बाईला वाचता येत नाही. एका ओळीवर बोट ठेवलं की ती आनंदानं घरी जाईल, मरेपर्यंत तिला कळणार नाही. क्षणभर बद्रीनाथलाही वाटलं, ठेवू द्यावं.

“न्हाई, सोनूबाई,” तो म्हणाला. “भुजंगचं नाव इथं न्हाई. म्या सांगितलं ते चुकीचं व्हतं.”

अंबेकरांचा हात खाली आला.

सोनूबाईंनी दगडावरचा हात काढून घेतला. मग त्यांनी विचारलं, “तुमी दोघांनी तिथं धान्य टाकलं म्हनं. इमानातून.”

“टाकलं,” बद्रीनाथ म्हणाला.

“त्या लोकांनी खाल्लं का?”

वरून टाकणाऱ्याला ते कधी दिसत नाही. “खाल्लं असंल,” तो म्हणाला.

“खाल्लं तर बरं झालं. भुकेल्याला द्यावंच. मंग त्याच लोकांवर बंदूक घेऊन मपलं लेकरू कशाला धाडलं? एवढी वर्सं झाली, पेन्शनच्या हापिसात इचारलं, सरपंचाला इचारलं. मला कोनी सांगितलं न्हाई. तुमी शिकलेली मानसं सायेब, तुमी तिथं व्हते. तुमी सांगा.”

त्या अंबेकरांकडं बघत होत्या. बारा वर्षं ज्या प्रश्नावर अंबेकरांनी चहाचे कप थंड केले, अमेरिका-रशिया पालथी घातली, तोच प्रश्न. उत्तरं त्यांच्याकडं ढीगभर होती. त्यातलं एकही उत्तर या बाईला देण्यासारखं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं.

सोनूबाईंनी थोडी वाट पाहिली. मग फुलं तिथंच राहू दिली, नारळ मात्र पिशवीत घातला. “येते भाऊ. जीप भरून राह्यली,” म्हणाल्या. बद्रीनाथ सोबत निघाला तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि मंठ्याच्या रस्त्याकडं चालू लागल्या. त्या रागावल्या असत्या तर त्याला परवडलं असतं.

मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. बद्रीनाथ अंबेकरांसमोर उभा राहिला. टेबल नव्हतं, चहा नव्हता, तरी आज त्यानं सर म्हटलं नाही.

“नरहरराव, तुमी धर्मराजभाऊला बोलले का?”

“विषय काढायचा होता. बैठकीत ते आधीच म्हणाले, श्रीलंकेचं कुणी काढू नका. फौज त्यांच्याच पक्षानं पाठवलेली. उगाच जुनं उकरलं जाईल...”

“बोलले का?”

“नाही,” अंबेकर म्हणाले. “आणि बद्री, मी तर पहिल्यापासून सांगतोय, ते युद्ध आपलं नव्हतंच.”

“युद्ध नसंल आपलं. पोरगं आपलं व्हतं.” बद्रीनाथचा आवाज चढला नाही. “तुमी दिल्लीवाल्यांना खोटं म्हनता. त्यांनी निदान पोती तरी टाकली. तुमाला एक नाव टाकायचं व्हतं.”

स्क्वाड्रनच्या रीतीप्रमाणं ऐकणाऱ्यानं ऐकून घ्यायचं असतं. अंबेकरांनी ऐकून घेतलं. मग ते वळले आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. बद्रीनाथला वाटलं, पिशवी विसरली असेल, चष्मा विसरला असेल. पण ते माईकसमोर जाऊन उभे राहिले, पाय जुळवले, हात बाजूला सरळ धरले.

“शिपाई भुजंग आसाराम बोराडे,” ते म्हणाले. “राहणार तालुका मंठा. श्रीलंकेत लढताना...”

आवाज पहिल्या सतरंजीच्याही पुढं गेला नाही. कर्णे केव्हाच उतरवून टेम्पोत चढवले होते, तारेची गुंडाळी करणारा माणूस खाली बसला होता. तो म्हणाला, “सायेब, बंद हाय ते.”

अंबेकरांनी त्याच्याकडं पाहिलं, माईककडं पाहिलं. मग माईक बाजूला केला आणि छाती भरून, होता तेवढा आवाज लावून, पुन्हा पहिल्यापासून नाव घेतलं. चहाच्या टेबलापाशी उभे असलेले धर्मराजभाऊ आणि चारदोन माणसं वळून बघू लागली.

बद्रीनाथनं मंठ्याच्या रस्त्याकडं पाहिलं. जीप निघून गेली होती.