चार बाबागाड्यांची तपासणी

खण्ण.

दत्तोबाने बाबागाडीच्या सांध्यावर पाना मारला, मान तिरकी केली आणि आवाज विरेपर्यंत ऐकला. मग दुसऱ्या सांध्यावर मारला.

"आबा, हे दुकान आहे," सून म्हणाली. "रूळ नाहीत."

"लोखंड ते लोखंडच."

"ते अॅल्युमिनियम आहे."

"मंग त्याला तसा आवाज पायजे."

स्नेहलने सृष्टीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सव्वादोन वर्षांची पोर गाढ झोपली होती. अकरा किलो. लोणावळा स्टेशनपासून बाजारातल्या या दुकानापर्यंत स्नेहलने तिला एकटीने आणलं होतं आणि वाटेत एकदाही सासऱ्याकडे दिलं नव्हतं. दत्तोबाच्या डाव्या खांद्यावर होतं ते फक्त दहा किलो तांदळाचं पोतं. आंदर मावळातल्या भावाच्या शेतातला इंद्रायणी. इकबालच्या घरी द्यायला आणलेला.

दुकान इकबालचं. त्याचे वडील आणि दत्तोबा रेल्वेत एकाच गँगमध्ये होते. वडील गेले, पण ओळख राहिली, आणि त्या ओळखीपायीच स्नेहलला आज दत्तोबाला बरोबर आणावं लागलं होतं. बेगडेवाडी ते लोणावळा दोघं एका बाकावर बसून आले. बोलले एकदाच. ती म्हणाली, "सरका जरा."

पहिली

"ही मजबूत आहे काका," इकबाल म्हणाला. "नऊ किलो."

"ही बाबागाडी न्हाई, भाजीची हातगाडी हाय. वर काटा ठिवला की झालं."

स्नेहललाही ती जड वाटली होती. पण ते दत्तोबाच्या तोंडून आलं, म्हणून तिने ती गाडी उगाच आणखी दोनदा उघडून बघितली.

नापास. कारण: वजन.

दुसरी, आणि तिच्या पाठोपाठ तिसरी

दुसरी हलकी होती. स्नेहलने ती मोकळीच पुढेमागे ढकलली.

"रिकामी हलवू नको," दत्तोबा म्हणाला.

"काय?"

"रिकामा पाळना हलवत न्हाईत."

"पाळणा नाहीये हा."

"ल्येकरू बसतंय ना त्यात? मंग पाळनाच झाला."

इकबाल मधे पडला. "असू दे वहिनी, आमच्या अम्मीपण असंच म्हणते. बाळाला ठेवा की आत."

"ती झोपलीय."

"माझ्याकडं दे, मी ठिवतो," दत्तोबा म्हणाला.

 स्नेहलने सृष्टीच्या पाठीवरचा हात घट्ट केला. तिघांनाही ते दिसलं. इकबालने शोकेसची काच पुसायला घेतली.

दत्तोबाने मग तांदळाचं पोतं उचलून गाडीत बसवलं, त्याला पट्टा लावला आणि गाडी थेट बाजाराच्या रस्त्यावर काढली. चिक्कीच्या दुकानांसमोर उभे असलेले पर्यटक बाजूला झाले. एक म्हातारा माणूस तांदूळ फिरवायला निघाला होता आणि त्याची सून दुकानाच्या पायरीवरून ओठ आवळून बघत होती. एका बाईने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. गटाराच्या जाळीवरून जाताना चाकाच्या वर कुठेतरी खडखड झालं. दत्तोबा तिथेच उकिडवा बसला आणि त्याने पाना मारला.

"रिबिट पोकळ हाय. चार म्हयन्यांत सुटंल."

तिसरीचं चाक त्याच जाळीत रुतलं. तो ती उचलूनच परत घेऊन आला.

"न्हाई चालायची."

"का?" स्नेहलने विचारलं.

"चाक बारीक."

"रामेश्वरला गटाराच्या जाळीवरून कोण नेणार आहे?"

"परक्या गावात काय काय असंल, कुनाला म्हाईत?"

"तुम्हाला एकही गाडी पास करायची नाहीये," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मला कळतं, आबा. मी काही खुळी नाही."

खुळी नव्हतीच. दिवाळीला रामेश्वरला जायचं ठरलं होतं. चार दिवसांपूर्वी जेवताना तिचा नवरा संदेश म्हणाला होता, "हलकी गाडी मिळाली तर आपण दोघं निभावून नेऊ. नाहीच मिळाली, तर तू सृष्टीला उचल आणि सामानाला आबांना घेऊ." बाप समोर भाकरी मोडत बसला होता. संदेशच्या मनात वाईट काही नव्हतं. आणखी एक बॅग घ्यावी लागेल, इतक्या साधेपणाने तो ते बोलला.

दत्तोबाला त्याचंही काही नव्हतं. बॅग म्हणून तर बॅग म्हणून. एकतीस वर्षं तो चावीवाला होता. बेगडेवाडीपुढचे तेच पाच किलोमीटर रूळ रोज पायी तपासायचे, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकून बसवायच्या आणि शेवटी ठीक किंवा नापास लिहून सही करायची. रामेश्वरला समुद्रावर रेल्वेचा पूल आहे. खाऱ्या वाऱ्यात रुळाला किती दिवसांत गंज चढतो आणि तिथला चावीवाला खाली पाणी असताना कसा चालतो, एवढं त्याला बघायचं होतं. हे त्याने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तेवढ्यासाठी हट्ट करतायत असं झालं असतं.

तर एकेक गाडी नापास झाली की तो पूल थोडा जवळ यायचा.

मधे, लोहगड

श्रावणात सगळे लोहगडला गेले होते. लोहगडवाडीत भजी खाल्ली. पायऱ्या सुरू होण्याआधी स्नेहल म्हणाली, "आबा, मी घेते तिला." दत्तोबा म्हणाला, "आगं, एकतीस वर्सं रूळ तुडवल्यात." दुसऱ्या दरवाज्यापाशी तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला.

तिसऱ्या दरवाज्याच्या अलीकडे पोर त्याच्या हातातून सुटली. भुवईवर तीन टाके पडले.

पायरी निसरडी होती, असं दत्तोबाने सांगितलं. शेवाळ होतं. सगळ्यांनी मान डोलावली. श्रावणात लोहगडला शेवाळ असणारच.

तेव्हापासून स्नेहलने पोर त्याच्या हातात दिली नव्हती. त्यावरून भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं त्याला कितीदा तरी वाटून गेलं.

चौथी

"हा शेवटचा पीस," इकबालने ती गाडी अशी आणली, जशी छत्री आणावी. काखेत. "साडेपाच किलो. मिटली की पिशवीत जाते, पिशवी बर्थखाली जाते. घरच्यांना घेऊन फिरायचं तर हीच, काका. यापेक्षा चांगली माझ्याकडे नाही, खोटं कशाला बोलू?"

दत्तोबाने तिला उलटी केली. पाना मारला. आवाज भरीव आला. दुसरा सांधा, तिसरा, चौथा. सगळे एका सुरात. त्याने चाकं फिरवली, ती कुरकुरली नाहीत. तांदूळ बसवून रस्त्यावर नेली, जाळीवरून नेली, खडीवरून नेली. रस्त्याच्या उताराला त्याने मूठ सोडून दिली, तर गाडी सरळ गेली आणि त्याने पकडेपर्यंत सरळच राहिली.

तो परत आला तेव्हा स्नेहल पायरीवरच उभी होती.

"हं?" ती म्हणाली. "हिला काय झालंय?"

"फुडचं डावं चाक..."

"काय डावं चाक?"

तो थांबला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं. खराब जोडाला त्याने कधी ठीक म्हटलं नव्हतं आणि चांगल्या जोडाला कधी नापास लिहिलं नव्हतं. एका वरच्या साहेबाने एकदा तसं लिहायला सांगितलं होतं, तेव्हा तुम्हीच लिहा म्हणून दत्तोबाने वही त्याच्याच पुढे सरकवली होती. आज कोणी सांगितलंही नव्हतं.

"बघतोय," तो म्हणाला.

"काका, मिटवून तर बघा," इकबाल म्हणाला. त्याला हा सौदा आणि या दोघांची धुसफूस, दोन्ही एकदमच संपवायचं होतं. "एका हाताने मिटते. मुठीजवळचं बटण अंगठ्याने दाबायचं आणि वर ओढायचं. उजव्या बाजूला आहे बघा."

दत्तोबाने तांदूळ खाली उतरवला. डाव्या हातातला पाना खिशात टाकला. उजवा हात मुठीवर ठेवला आणि अंगठा बटणावर टेकवला.

बटण दबलं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. अंगठा बटणावर नुसता पडून राहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"कडक हाय," तो म्हणाला. "बटन कडक हाय. बाईमानसाला जमायचं न्हाई. नापास."

स्नेहल पायरी उतरून आली. पोर एका खांद्यावर तशीच होती. तिने मोकळा हात पुढे केला आणि बटण दाबून वर ओढलं. टक् करून गाडी मिटली.

 इकबाल पोतं उचलून आत निघून गेला.

"तुम्ही सगळा वेळ डाव्या हाताने ठोकत होतात," स्नेहल म्हणाली.

दत्तोबा गाडीकडे बघत राहिला.

"भाकरीसुद्धा डाव्याने मोडता हल्ली. मला वाटलं, माझ्यावरच्या रागाने काहीतरी नवीन काढलंय. कधीपासून आहे हे?"

"शिमग्यापासनं. दोन बोटं आनि आंगठा. मुंग्या येत्यात, मंग काय कळतच न्हाई."

तिने मनात महिने मोजले. ते त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"लोहगड श्रावणात झालं."

"व्हय."

"शेवाळ?"

"न्हवतं. पायरी कोरडी व्हती. हात सुटला."

"मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला."

"इचारलं व्हतं."

"मी सगळीकडे शेवाळ सांगत फिरले. माझ्या आईने मला चार लोकांत बोल लावला, निसरड्यावर म्हाताऱ्या माणसाकडे पोर दिलीसच कशी म्हणून. महिनाभर ऐकून घेतलं मी. संदेशकडूनसुद्धा. तुम्ही तिथेच बसलेले असायचात, आबा. चहा पीत."

"सांगितलं असतं तर तू पोर दिली नसतीस."

"नसतीच दिली."

"म्हनून तर."

तिला वाटलं असतं तर ती तिथे रडू शकली असती. ती रडली नाही. तिने मोबाइल काढला, संदेशचा नंबर लावला आणि फोन दत्तोबाच्या पुढे धरला. "मी नाही सांगणार. माझं खूप सांगून झालं."

त्याने तो डाव्या हाताने घेतला.

"संदेश," तो म्हणाला. फोनमध्ये संदेशच्या कंपनीतल्या मशिनचा आवाज येत होता, म्हणून त्याला मोठ्याने बोलावं लागलं, इतकं मोठ्याने की चिक्कीवाल्यानेही वळून बघितलं. "पायरी कोरडी व्हती. माजा हात बाद झालाय, शिमग्यापासनं. पोरगी माज्या हातनं पडली. तुज्या बायकोचा त्यात काय दोष न्हाई." पलीकडून संदेशने काहीतरी विचारलं. "व्हय, गाडी मिळाली. मी तपासलीया. समदे जोड पक्के हायत. तुमी दोघंच जावा."

फोन परत देताना तो स्नेहलला म्हणाला, "हीच घे. पास हाय."

"ते मला मघाशीच कळलं होतं," ती म्हणाली.

फलाट

पुण्याकडे जाणारी लोकल यायला वेळ होता. सृष्टी नव्या गाडीत झोपली होती. स्नेहलने पायाने ब्रेक लावला, गाडी हलवून बघितली, पुन्हा ब्रेक बघितला.

"मी तिकिटं काढून येते. तुम्ही हात लावू नका. नुसते उभे राहा."

"व्हय."

ती गेली. दत्तोबा गाडीपासून दोन फुटांवर उभा राहिला. समोरच्या रुळावर एक गँगमन वाकून खडी सारखी करत होता. दत्तोबाने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने गाडीची चारही चाकं नजरेखाली ठेवली होती.

सृष्टी जागी झाली. कुठे आहोत ते तिला कळेना. तोंड वाकडं करून तिने इकडेतिकडे बघितलं आणि आजोबा दिसल्यावर दोन्ही हात वर केले.

"आबा, वल."

"आई येतीया बाळा."

"वल घे."

तिने हात खाली केले नाहीत. भुवईवरचा व्रण ताणला गेला. आता ती रडणार, हे दत्तोबाला दिसलं. तिकीट खिडकी लांब होती.

तो हळूच फलाटावर खाली बसला. पांढरं स्वच्छ धोतर त्या काळ्या फरशीवर पसरून, मांडी घालून, गाडीच्या अगदी पुढ्यात. लोक त्याला वळसा घालून जाऊ लागले. एक बॅगवाला काहीतरी पुटपुटला. बसल्यावर त्याचं तोंड बरोबर पोरीच्या समोर आलं. सृष्टीने त्याची मिशी धरली, मग नाक, मग कान. कान तिला आवडला.

स्नेहल तिकिटं घेऊन आली तेव्हा तिला आधी फक्त पाठ दिसली. ती थबकली, मग घाईने पुढे झाली. पोर खिदळत त्याचा कान ओढत होती आणि दत्तोबा मान पुढे काढून स्थिर बसला होता. त्याने दोन्ही हात आपल्याच मांड्यांखाली दाबून ठेवले होते.