तीस सप्टेंबरचा सराव

सत्यशीलाने आपल्या वर्गातल्या लुंबिनीला बाकाखाली आडवं केलं आणि तिच्या फ्रॉकवर, गालावर थोडी माती भुरभुरली.

"डोळे मिटून पडायचं. स्ट्रेचर येईपर्यंत कुणी काही म्हणो, उघडायचे नाहीत."

दुसरीतली लुंबिनी भलतीच खुशीत होती. अख्ख्या शाळेतून ढिगाऱ्यात अडकायला तिचीच निवड झाली होती.

भूकंपाचा सराव तीस सप्टेंबरलाच घ्यायचा, हे तालुक्याहून आलेल्या साहेबाचं डोकं. त्र्याण्णवचा भूकंप याच दिवशीचा, म्हणजे दिनविशेषही साधतो आणि पेपरात फोटोही येतो. मुख्याध्यापक गुरुपादप्पा सरांनी दबकत दुसरी तारीख सुचवून पाहिली, तर साहेब म्हणाला, लोकांना आठवण राहिली पाहिजे. आठवण राहत नाही म्हणून या गावात कुणाचं अडलं होतं, देव जाणे.

सत्यशीलाला धसका होता तो सासूचा. घर शाळेला लागूनच. साधा ट्रॅक्टर दणकत गेला तरी पंचफुलाबाई उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहायची. त्या पहाटे जुन्या गावात ती आणि तिचा नवरा दगडोबा, दोघंही अंगणात पळाले होते. लेक त्याने उचलली असेल असं हिला वाटलं आणि हिने उचलली असेल असं त्याला. मग घराचं माळवद बसलं, लेक आतच. सत्यशीलाच्या नवऱ्याने, माउली नाव त्याचं, हे तिला लग्नानंतर एकदाच सांगितलं. त्याचा जन्म नंतरचा. सासूच्या तोंडून तर कधीच नाही.

म्हणून आज सकाळीच तिने सासूला लातूरच्या गाडीत बसवलं होतं. भावाची तब्येत बघून या, संध्याकाळी हे आणायला येतील म्हणाली. सासू मुकाट्याने बसली. एवढ्या मुकाट्याने का बसली, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

साहेबाने शिट्टी फुंकली. भोंगा सुरू झाला आणि त्याच्या जोडीला स्पीकरवर गडगडाट. ती करामत साहेबाने आधी कुणालाच सांगितली नव्हती. पोरं डोक्यावर दप्तरं धरून बाहेर पडली, हसत, एकमेकांना ढकलत. सत्यशीलाने सहज फाटकाकडे पाहिलं.

सासू फाटकात उभी होती. पाय घोट्यापर्यंत काळ्या मातीने भरलेले. दर साली या दिवशी ती पडक्या घराच्या जागेवर जाऊन यायची. आजही गाडीतून जुन्या गावच्या फाट्यावरच उतरली असणार.

"आत्या, खोटं हाय ते!"

भोंग्यात सत्यशीलाचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. पोरं, मास्तर सगळे बाहेर येत होते आणि म्हातारी त्यांच्यातून वाट काढत उलटी आत शिरली. साहेब ओरडला. गुरुपादप्पा सर जागीच थिजले. सत्यशीला धावली, पण ती दाराशी पोचायच्या आत सासू बाहेर आली. छातीशी लुंबिनी होती. पोरीची मान तिच्या खांद्यावर लटकत होती, डोळे गच्च मिटलेले.

म्हातारी पायरीवरच बसली आणि पदराने पोरीच्या गालावरची माती पुसू लागली.

"डोळे उघड, माय."

लुंबिनी शहाणी पोर. हलली नाही.

"उघड की गं."

म्हातारी पुसतच राहिली. सत्यशीला तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिला रडू आवरेना.

"लुंबिनी, उघड डोळे. झालं आता."

पोरीने एक डोळा उघडला. "बाई, स्ट्रेचर तर आलंच न्हाई."

कुणीतरी भोंगा बंद केला. साहेब जवळ आला. तोही चांगलाच घाबरला होता, त्यामुळे रागवायचं ठरवूनही त्याचा आवाज खालीच राहिला.

"आजी, अशा वेळी आत जायचं नसतं. आपण आधी बाहेर पळायचं."

पंचफुलाबाईने मान वर केली.

"तवा तसंच केलं होतं, साहेब."

साहेबाने शिट्टी खिशात टाकली. लुंबिनी खाली उतरायला चुळबुळ करत होती. म्हातारी तिला सोडत नव्हती आणि सोडा म्हणून सत्यशीलानेही सांगितलं नाही.