हेडलाईट सरांचे डोळे

गणिताच्या सरांना पोरं पाठीमागे 'हेडलाईट' म्हणायची. सर खिडकीसमोर उभे राहिले की चष्म्याच्या काचा अशा चमकायच्या, की ते नक्की कुणाकडे बघताहेत याचा थांगपत्ता लागायचा नाही. मग प्रत्येकाला वाटायचं, आपल्याकडेच! वर्ग चिडीचूप. सरांना हे नाव ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, मनातून आवडायचंही. कारण माणूस मुळात हसरा. पोरांच्या थापा ऐकताना तोंड रागावलेलं असलं, तरी डोळे हसायचेच. ते काचांच्या चमकेत झाकून जायचं, एवढंच.

पण त्याच काचांनी एका संध्याकाळी दगा दिला. समोरून गाडी आली, तिच्या दिव्यांनी काचांवर नुसती चकाकी पसरली आणि सर स्कूटरसकट बागेच्या कुंपणात. खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना चष्म्याच्या दुकानात नेऊन उभं केलं.

"अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंगच्या काचा घ्या," चष्मेवाला म्हणाला. "दिव्यांचा त्रास कमी होईल. शिवाय समोरच्याला तुमचे डोळे स्वच्छ दिसतील."

"तेच तर नकोय मला!" सर दचकले.

"तुम्ही बनवा हो," बायको चष्मेवाल्याला म्हणाली. "यांचं काय ऐकत बसलाय!"

नवा चष्मा लावून सर जीव मुठीत धरून वर्गात शिरले. खिडकीसमोर उभे राहून त्यांनी भुवया चढवल्या.

"सर, तुम्ही हसताय?" कुणीतरी विचारलं.

"छे! मी रागावलोय."

वर्ग खो खो हसत सुटला. इतक्या वर्षांचा दरारा गेला पाण्यात, सरांनी मनात म्हटलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. वर्षभर तोंडातून अवाक्षर न काढलेली मुलगी.

"सर, मला कळलं नाही."

"कुठपासून?"

"अपूर्णांकांपासून."

अपूर्णांक तर शाळा सुरू झाल्या झाल्या शिकवलेले! "मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"तुमच्याकडे बघितलं की नुसत्या काचा दिसायच्या. भीती वाटायची."

वर्ग शांत म्हणजे सगळ्यांना समजलंय, असं ते आजवर ज्याला त्याला छाती फुगवून सांगत आले होते.

"आणखी कुणाला कळलं नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

एक हात वर आला. मग दुसरा, मग अख्खी रांग. शेवटी इकडेतिकडे बघत पहिल्या बाकावरच्या हुशार पोराचाही.

सरांनी फळा पुसायला घेतला.