कोलशेतचा ट्रान्सफॉर्मर आणि झेंडूचा हार

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. रस्त्याकडेला दोन खांबांवर बसून दिवसभर 'हुंऽऽ' करणारा करडा डबा असतो ना, तोच मी! स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही.

माझा जन्म कोलशेतच्या एका कारखान्यातला. पंचवीस वर्षं मी शहाडच्या वस्तीला वीज दिली. वीज असली की माझी आठवण कुणाला नसायची, गेली की मात्र शिव्यांची लाखोली! शेवटी मला खाली उतरवलं. भंगारात जायचो तो कल्याणच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आलो. तिथल्या संचिता मॅडम आणि माझा कारखाना मिळून एक यंत्र बनवत होते. ट्रान्सफॉर्मर जळण्याआधीच त्याचं दुखणं ओळखणारं यंत्र. ते माझ्या पाठीवर बसवून मला पुन्हा वीज जोडली. सलग आठ दिवस चाचणी चालली तरच कारखाना पुढे साथ देणार होता. नाहीतर संशोधन बंद आणि मी भंगारात.

सहाव्या दिवशी खंडेनवमी आली. प्रयोगशाळेतल्या तानाजीकाकांनी हत्यारांबरोबर माझीही पूजा केली, झेंडूचा भलामोठा हार घातला. आयुष्यातला पहिला हार! मी हुरळून गेलो. पण दुपारी पोटात आग पडली. आतल्या तांब्याच्या तारांवर गुंडाळलेला कागद करपत होता. यंत्रावरचा आकडा भराभर चढू लागला.

कारखान्याचा इंजिनिअर सुदेश हसला. "काय काका, हार नेमका यंत्रावरच घातलात? म्हणून गरम दाखवतंय. चालू ठेवा मॅडम, परवा साहेब येतायत."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी हार काढला. आकडा चढतच राहिला.

"थोडा वेळ लागतो हो उतरायला," सुदेश म्हणाला.

अरे, उतरतोय कसला! माझा जीव नुसता तळमळत होता. बंद केलं तर मी भंगारात, नाही केलं तर फुटेन, आणि काका तर मला खेटून उभे! मी जिवाच्या आकांताने गुरगुरलो.

काकांनी कोरडी लाकडी पट्टी माझ्या अंगाला टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. "मॅडम, हा रोजच्यासारखा बोलत नाय. माझं चुकलं ते चुकलं, पण हे हारामुळे नाय. बंद करा!"

"अहो, दोनच दिवस राहिलेत!" सुदेश ओरडला.

मॅडमनी एकदा काकांकडे पाहिलं आणि स्विच ओढला.

मला उघडलं तेव्हा आतला कागद काळाठिक्कर निघाला. सुदेश मान खाली घालून म्हणाला, "यंत्र बरोबर सांगत होतं, मॅडम. मीच ऐकलं नाही." चाचणी अर्धवट राहिली, पण तो करपलेला कागद पाहून कारखान्याने साथ सोडली नाही.

मी आता कोपऱ्यात असतो, मुका. मित्रांनो, तुमच्या गल्लीतल्या माझ्या भावंडांजवळ जाऊ नका, हं! पण त्यांचा आवाज बदललेला वाटला, तर वीज जायची वाट न बघता मोठ्यांना सांगा.

यंदा खंडेनवमीला काका फूल घेऊन आले. माझ्यातून काही ऐकू येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी आधी त्यांनी कान लावला, मग फूल वाहिलं.